उणे वीसला सेल्फ घेईल का?

*विंटर स्पितीसाठी जुनी फोर बाय फोर घ्यायचा प्लॅन ग्रुपवर शिजतोय? मग टोकन देण्याआधी हे वाचा.*

दिवाळीचा फराळ संपतो आणि कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक रील हमखास येऊन पडतं. पांढराशुभ्र रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि मधून डुलत जाणारी जुनी जिप्सी. पाच मिनिटांत दहा जण ‘मी पण’ म्हणतात. अर्ध्या तासात कुणीतरी हिशेबही मांडतं. पाच जण, प्रत्येकी लाखभर, एक सेकंडहँड फोर बाय फोर घ्यायची, जानेवारीत स्पिती करायचं आणि परत आलो की गाडी विकून टाकायची. कागदावर प्लॅन एकदम कडक!

मग सुरू होतो गाडीचा शोध. लाइटबार आहे का, टायर जाडजूड आहेत का, विंच आहे का, आवाज कसा येतो... सगळं बघून होतं. फक्त एक प्रश्न राहून जातो. पहाटे सहा वाजता, उणे वीस अंशांत, रात्रभर उघड्यावर उभी असलेली ही गाडी चावी फिरवल्यावर चालू होणार का?

खरं तर पहिला प्रश्न हाच हवा. आणि त्याचं उत्तर पुण्या-मुंबईत बसून मिळवणं अवघड आहे, कारण आपली हवा गाडीचे अर्धे आजार झाकून ठेवते. इथे थंडी म्हणजे आठ-दहा अंश. वेण्णा लेकला दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो, निफाडचा पारा पाच-सहावर आला की ती बातमी होते. अशा हवेत अर्धमेली बॅटरीसुद्धा गाडी चालू करते. हीटर बंद असला तरी मालकाला पत्ता नसतो. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी असलं तरी काही बिघडत नाही. तीच गाडी काझाला नेली की झाकलेलं सगळं एका रात्रीत बाहेर येतं.

आधी रस्ता समजून घ्या

हिवाळ्यात मनालीकडून स्पितीत उतरणारा रस्ता कुंझुम पासवर बर्फामुळे बंद असतो. अटल टनेल २०२० मध्ये सुरू झाल्यामुळे लाहौल जवळ आलं, पण टनेलमुळे कुंझुम उघडा राहत नाही. राहतो तो किन्नौरचा रस्ता : शिमला, रामपूर, नाको, ताबो आणि मग काझा. शिमल्यापासून हे अंतर चारशे किलोमीटरहून जास्त आहे. बर्फ पडला किंवा दरड कोसळली की हाही रस्ता बंद पडतो, कधी काही तास, कधी काही दिवस.

काझा ३६०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास तिसऱ्या हिश्श्याने कमी होते. जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन कागदावर ८० हॉर्सपॉवरचं. पाच जण आणि सामान भरून चढाला लागल्यावर तुमच्या पायाखाली प्रत्यक्षात किती उरते, ते तुम्हीच मोजा. त्यात थंडीने ऑइल घट्ट, बॅटरी सुस्त. एकाच वेळी सगळ्या बाजूंनी कोंडी.

आणि पुण्याहून शिमल्यापर्यंत सतराशे किलोमीटरच्या आसपास सरळ हायवे मारायचा आहे, हेही विसरू नका. बर्फात हिरो असलेली पाट्यांवरची जुनी गाडी हायवेवर कंबर मोडते.

पेट्रोल की डिझेल?

ग्रुपमधला एकजण छातीठोकपणे सांगणार, ‘पहाडात डिझेलच पाहिजे, टॉर्क असतो.’ टॉर्कचं खरं आहे. टर्बो डिझेल उंचीवर पेट्रोलइतकं गळपटतही नाही. पण कडाक्याच्या थंडीत डिझेलची एक मोठी अडचण आहे. डिझेलमध्ये मेण असतं. थंडी वाढली की त्याचे कण तयार होतात, आधी डिझेल ढगाळ दिसतं, मग फिल्टरमध्ये गच्च बसतं. टाकी भरलेली, पण इंजिनापर्यंत थेंब पोचत नाही.

यावर उपाय निघालाय. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाख, कारगिल, काझा, केलाँगसारख्या भागांसाठी खास विंटर ग्रेड डिझेल आणलं. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. पण गंमत अशी की तुम्ही खाली मैदानात टाकी फुल करून वर गेलात, तर तुमच्या टाकीत साधंच डिझेल असणार. म्हणून डिझेल गाडी असेल तर वर पोचताना टाकी बरीच उतरलेली हवी. वरच्या पंपावर विंटर डिझेल आहे का ते विचारून भरायचं आणि भरल्यावर थोडं अंतर गाडी चालवायची, म्हणजे पाइप आणि फिल्टरमधलं जुनं डिझेल संपतं. लगेच पार्क करून झोपलात तर सकाळी फिल्टरमध्ये जुनंच गोठलेलं सापडेल.

रॉकेल मिसळायचा किंवा टाकीखाली जाळ करायचा जुना जुगाड ऐकला असेल. कॉमन रेल इंजिनात रॉकेल घालू नका. पंपाला वंगण डिझेलच पुरवतं, रॉकेल ते काम नीट करत नाही. आणि टाकीखाली जाळ करण्याबद्दल वेगळं सांगायला नको.

नव्या बीएस-६ डिझेलपैकी काहींमध्ये डीईएफ नावाचं द्रावण वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते उणे ११ अंशांना गोठतं. कंपनीने टाकीला हीटर दिलेला असतो, पण सेकंडहँड गाडीत तो चालतोय का, हे तुम्हाला इथे कधीच कळणार नाही.

पेट्रोल स्पितीच्या थंडीत गोठत नाही. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्या, खिशात मोजके पैसे असलेल्या पोरापोरींसाठी पेट्रोल गाडी हा कमी डोकेदुखीचा पर्याय आहे. अ‍ॅव्हरेज कमी मिळेल, चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडत जाल, पण सकाळी चालू व्हायची शक्यता जास्त. जुन्या पेट्रोल गाडीत रबरी फ्युएल पाइप मात्र बदलून घ्या. ते आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते.

बाजारात काय मिळतं?

*जिप्सी :* १९८५ मध्ये आली, २०१९ मध्ये बंद झाली. वजन टनाच्या आसपास, लो रेंज गिअर, साधं इंजिन. बर्फात हलकी गाडी कमी रुतते आणि रुतली तरी चार जणांना ढकलता येते. पण सॉफ्ट टॉप जिप्सी म्हणजे उणे वीसमध्ये ताडपत्रीखाली बसणं. हार्ड टॉप आणि चालणारा हीटर, दोन्ही असतील तरच विचार करा.

*जुनी थार (२०१० ते २०२०) :* कॉमन रेल टर्बो डिझेल इंजिनची घ्या. डीआय इंजिनची थार फोर बाय टूमध्येही यायची, त्यामुळे नीट बघा. नव्या थारमध्येही जानेवारी २०२३ पासून रिअर व्हील ड्राइव्ह मॉडेल आहे. ‘थार आहे म्हणजे फोर बाय फोर असणारच’ हे डोक्यातून काढा.

*स्कॉर्पिओ :* रस्त्यावर ढिगाने दिसतात, पण त्यातल्या बहुतेक फोर बाय टू. फोर बाय फोर मिळाली तर पाच जण आणि सामानासाठी ही सगळ्यात माणसांत बसणारी गाडी.

*पाच दरवाजांची जिमनी :* जून २०२३ मध्ये आली. पेट्रोल, प्रत्येक गाडी फोर बाय फोर, लो रेंजसकट. कामासाठी उत्तम, फक्त सेकंडहँडमध्येही बजेट ताणते. आणि ती चारच जणांची गाडी आहे, चौघे बसल्यावर डिकीत फार काही मावत नाही.

*मोह पाडणाऱ्या गाड्या :* जुनी पजेरो, जुनी एन्डेव्हर. किंमत बघून डोळे चमकतात. पण फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवलं आणि पजेरो इथे बनणं तर त्याच्याही आधी बंद झालं. रामपूरच्या पुढे पार्ट लागला तर तो कुठून आणणार? पहाडात नियम सोपा आहे : जी गाडी तिथल्या मेकॅनिकने शंभरदा उघडलीय, ती चांगली. म्हणजे मारुती नाहीतर महिंद्रा.

आणि एक गोष्ट इगोला लागेल अशी. स्पितीतले लोक त्याच रस्त्यांवर ऑल्टो आणि टाटा सुमोसुद्धा चालवतात, गरज पडली की चाकांना साखळ्या बांधून. ते फोर बाय फोरच्या नाही, सवयीच्या जोरावर गाडी नेतात. फोर बाय फोर गाडीला *निघायला* मदत करते, *थांबायला* नाही. बर्फावर ब्रेक दाबल्यावर जिमनी आणि ऑल्टो सारख्याच घसरतात.

बघायला जाल तेव्हा

हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि एकटे जाऊ नका, ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. त्याच्या अर्ध्या दिवसाची मजुरी ही या सगळ्या व्यवहारातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे.

*१. थंड इंजिन.* विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. सकाळी लवकर जा. पोचल्यावर आधी बोनेटला हात लावा. कोमट लागलं तर समजा, तुमच्या आधीच कुणीतरी गाडी ‘तयार’ करून ठेवलीय. ‘दादा, जरा पुढे-मागे घेतली होती, म्हणून गरम आहे,’ असं उत्तर आलं तर हसून म्हणा, ‘हरकत नाही काका, उद्या परत येतो.’ उद्याही कोमटच असेल तर तिसऱ्यांदा जाऊ नका.

*२. सेल्फ.* एका दमात घेतली पाहिजे. सेल्फ ओढत, कण्हत फिरत असेल, तीनदा मारावा लागत असेल, तर पंधरा अंशांत ही अवस्था, उणे वीसला काय होईल? चालू झाल्यावर गाडी थरथरते का, पांढरा धूर बराच वेळ येतो का, बघा.

*३. डिझेल असेल तर ग्लो प्लग.* हे इंजिनातल्या हवेला आधी ऊब देतात. आपल्याकडे ते चारही मेले तरी गाडी चालू होते, म्हणून कुणी बदलत नाही. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्याचं केशरी चिन्ह लागून विझतं का पाहा. पण तेवढ्यावर विसंबू नका, मेकॅनिकला मल्टिमीटरने प्रत्येक प्लग तपासायला सांगा.

*४. थर्मोस्टॅट.* आपल्याकडच्या गॅरेजांतला हा आवडता जुगाड आहे. गाडी उन्हाळ्यात तापते? काढून टाका थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह! इथे चालतं. बर्फात मात्र इंजिन कधी तापतच नाही, हीटर थंड हवा फेकतो आणि पेट्रोल-डिझेल नुसतं जळतं. ओळखायचं कसं? थंड गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजला सांभाळून हात लावा. पंख्यापासून बोटं लांब! थर्मोस्टॅट असेल तर होज काही मिनिटं थंड राहतो आणि मग एकदम गरम होतो. सुरुवातीपासून हळूहळू गरम होत गेला तर व्हॉल्व्ह काढलाय किंवा उघडाच अडकलाय.

*५. हीटर.* महाराष्ट्रातल्या गाडीत हे बटण वर्षानुवर्षं कुणी फिरवलेलं नसतं. इंजिन तापल्यावर फुल हीटर लावा. गरम हवा आली पाहिजे. नाही आली तर बोनेटखाली हीटरकडे जाणारे दोन पाइप बघा. अनेकदा ते एकमेकांना जोडून टाकलेले असतात, कारण आत कधीतरी गळती झाली आणि दुरुस्तीऐवजी लाइनच बंद केली. आत गोडसर वास, ओलं कार्पेट किंवा सारखी धुरकटणारी काच म्हणजे गळती अजून चालू आहे. हीटर ही बर्फात चैनीची गोष्ट नाही. समोरची काच साफ राहण्यासाठी तोच लागतो.

*६. कूलंट.* थंड इंजिनाचं झाकण उघडून रंग बघा. स्वच्छ रंगीत हवं. गंजलेलं तांबूस पाणी दिसलं तर आत नुसतं पाणीच फिरतंय. पाणी गोठलं की फुगतं, आणि फुगलं की इंजिन ब्लॉक तडकू शकतो. तो खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो.

*७. फोर बाय फोर खरंच लागतं का?* कोरड्या डांबरावर नाही, मातीच्या मैदानात नेऊन टेस्ट करा. फोर-हाय, फोर-लो, पुढे, मागे. लिव्हर हलवताना घाम फुटत असेल तर ते वर्षानुवर्षं वापरलेलं नाही. दिवा लागणं वेगळं आणि पुढची चाकं ओढणं वेगळं. मेकॅनिकला गाडी जॅकवर घेऊन दाखवायला सांगा.

*८. खालून बघा.* गाडी कोकणातली किंवा मुंबईतली असेल तर चॅसिसला गंज असण्याची शक्यता जास्त. पाटे जिथे चॅसिसला बसतात ती जागा, बॉडीचे माउंट, ब्रेकच्या लाइन्स टॉर्च मारून बघा. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर खूश होऊ नका, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा.

आठातल्या एक-दोन गोष्टींत गाडी नापास झाली म्हणून लगेच सोडायची गरज नाही. बॅटरी, ग्लो प्लग, थर्मोस्टॅट या बदलता येणाऱ्या गोष्टी आहेत. त्याचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. पण गंजलेली चॅसिस आणि न लागणारं फोर बाय फोर, या दोन्हींसाठी उत्तर एकच : नमस्कार.

घेतली, आता तयारी

बजेटमधला किमान पाचवा हिस्सा तयारीसाठी बाजूला ठेवा. सगळे पैसे गाडीतच घातले तर गाडी नुसती स्टेटसपुरती उरते.

*ऑइल :* डब्यावर ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा बघा. डब्ल्यू म्हणजे विंटर. तो आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. १५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे २० अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत २०डब्ल्यू-५० सर्रास असतं, काझात सकाळी ते काकवीसारखं होईल. मॅन्युअल बघून, गाडीला चालेल असं कमी आकड्याचं ऑइल भरा.

*कूलंट :* निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. असं मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास टिकतं. आणि ‘जास्त सेफ्टी’ म्हणून नुसतं कूलंट ओतू नका. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं! पाणी मिसळल्यावरच ते जास्त थंडी सोसतं.

*बॅटरी :* जुनी असेल तर विचार न करता बदला. उणे १८ ला बॅटरीची ताकद साधारण निम्म्यावर येते आणि तेव्हाच घट्ट झालेलं इंजिन जास्त ताकद मागतं. बॅटरीवर सीसीए नावाचा आकडा असतो, तो उणे १८ ला ती किती अँपिअर देते ते सांगतो. गाडीला बसेल त्यात जास्त सीसीएची घ्या. उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपासच गोठू शकते, त्यामुळे रात्री दिवे, म्युझिक लावून बसणं बंद.

*टायर :* सात अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होत जातं. दिसायला रांगडे मड टायर बर्फाळ, गुळगुळीत रस्त्यावर उलट कमी पकड देतात. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले टायर मिळाले तर उत्तम. नाहीतर चांगले ऑल टेरेन आणि मापाच्या स्नो चेन. चेन बांधायची प्रॅक्टिस सोसायटीच्या पार्किंगमध्येच करा, बर्फात बोटं चालत नाहीत. सेकंडहँड गाडीचे टायर किती जुने, हे बाजूला छापलेल्या चार आकड्यांवरून कळतं : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

*बारीकसारीक :* रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून अडकतो. गिअरमध्ये टाका, चाकांना दगड लावा. वायपर काचेवरून उचलून ठेवा. काच धुवायच्या टाकीत साधं पाणी नको.

जायच्या आधी एक रंगीत तालीम करा. डिसेंबरात निफाडच्या बाजूला एक रात्र उघड्यावर गाडी लावा आणि पहाटे चालू करून बघा. पाच अंशांत कुरकुरली तर उणे वीसचा नाद सोडा.

कागद आणि दोस्ती

दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेर जाऊ लागल्या. स्वस्त आहे म्हणून उडी मारू नका. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे एनओसी आहे का बघा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. लोन होतं तर फॉर्म ३५. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावं लागतं. जुन्या जिप्सीत हे आधी तपासा. विम्यासाठी मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत कंपनीला कळवा.

आर्मी लुकची हौस असेल तर एक माहिती : ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना चालतो. आणि समोरचं ते भारी लोखंडी बुलबार २०१७ च्या शेवटीच केंद्राने बेकायदा ठरवलंय.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. गाडी पाच जणांची, पण आरसीवर नाव एकाचंच. अपघात झाला, चलान आलं, विकताना तोटा झाला तर? हे बोलायला ऑकवर्ड वाटतं, म्हणून आधीच बोला. कुणी किती दिले, दुरुस्ती कशी वाटायची, कधी विकायची, एका कागदावर लिहा आणि पाचही जणांनी सह्या करा. गाडी बंद पडली तर मेकॅनिक सापडतो, दोस्ती बंद पडली तर नाही.

गाडीत झोपू नका

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या हिल स्टेशनवर बर्फवृष्टीत अडकलेल्या गाड्यांमध्ये किमान २२ माणसं गेली. लहान मुलंसुद्धा. ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवलं, बाहेर बर्फ साचत गेला... अशा वेळी सायलेन्सर बर्फाने बंद झाला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोप लागते आणि माणूस उठत नाही.

गाडीत अडकलातच तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ फावड्याने काढा. इंजिन सलग नको, थोडा वेळच चालू ठेवा. एक काच किंचित उघडी ठेवा आणि सगळे एकदम झोपू नका. गाडीत फावडं, प्रत्येकाला स्लीपिंग बॅग, खाणं, पाणी आणि भरपूर इंधन हवंच. घरच्यांना ‘महाबळेश्वरला चाललोय’ सांगून स्पितीला जाणारे वीर असतात. तुम्ही कुठल्या रस्त्यावर आहात हे घरी माहीत असणं हासुद्धा सेफ्टी किटचाच भाग आहे.

कॅनडाला निघालेल्यांसाठी

मास्टर्ससाठी कॅनडाला जाऊन तिथे जुनी फोर बाय फोर घ्यायचा विचार असेल तर गणित थोडं बदलतं. तिथल्या गाड्यांना हीटर, थर्मोस्टॅट नीट असतात, कारण त्यांच्याशिवाय कुणाचं चालतच नाही. तिथला शत्रू गंज. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते चॅसिस खातं. विनिपेगसारख्या शहरांत बोनेटमधून इलेक्ट्रिक प्लग बाहेर लोंबताना दिसतो. तो ब्लॉक हीटर, रात्री इंजिन उबदार ठेवायला. गाडी घेताना तो चालतोय का बघा. आणि क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, त्यांचा सेट गाडीसोबत मिळतो का, हे भाव करताना विचारा.

...की घ्यायचीच नाही?

इतकं वाचून ‘एवढी कटकट?’ असं वाटलं असेल, तर तेही उत्तरच आहे. एका ट्रिपसाठी गाडी घ्यायची खरंच गरज नाही. ट्रेनने चंदीगड, बसने रेकाँग पिओ, तिथून हिमाचल परिवहनची बस किंवा लोकल टॅक्सी. पैसे उरतात, जोखीम कमी होते आणि तुमचे पैसे त्या गावांतल्या माणसांच्या हातात पडतात.

ज्यांना गाडीचंच वेड आहे, त्यांनीही पहिला हिवाळा असाच करावा. पहाटे लवकर उठून ड्रायव्हरभैया काय करतात ते बघा : बॅटरीवर काय टाकतात, इंजिन किती वेळ तापू देतात, उतारावर ब्रेकला पाय न लावता गिअरवर गाडी कशी आणतात, आणि कुठल्या दिवशी ‘आज नहीं जाएंगे’ म्हणून सरळ चहा मागवतात. हे बघून आलात की पुढच्या वर्षी गाडी बघायला जाताना तुमचा पहिला प्रश्न लाइटबारचा नसेल. तुम्ही आधी बोनेटला हात लावाल.